दहा जणांचा दम

आमच्या कॉलेजात रग्बी कुणी खेळत नाही. रग्बी लीग तर नाहीच नाही. तो रग्बीचा वेगळा, तेरा जणांचा प्रकार आहे हे मलाही दोन वर्षांपूर्वी ठाऊक नव्हतं. तरी मंडळाच्या अंकासाठी चरित्रलेख लिहायचा म्हटल्यावर माझ्या डोक्यात ना लेखक आला ना समाजसुधारक. आला तो यॉर्कशायरचा हॅरॉल्ड वॅगस्टाफ. १८९१ साली जन्मला, १९३९ साली गेला. तोच का, हे सांगायला थोडं स्वतःबद्दल बोलावं लागेल. ते एका परिच्छेदात उरकतो.

मी कबड्डी खेळतो. डावा कोपरा. गेल्या वर्षी एका सामन्यात शेवटची पाचेक मिनिटं राहिली असताना आम्ही तिघंच मैदानात उरलो होतो. चढाईला आलेला गडी माझ्याच बाजूनं आला. त्याचा घोटा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. आणि मी गेलोच नाही. सामना संपल्यावर सगळ्यांनी माझ्यासाठी एकच शब्द वापरला: घाबरला. मी घाबरलो नव्हतो. मला घोटा दिसत होता, काय करायचं ते कळत होतं, पण निरोप मांड्यांपर्यंत पोचतच नव्हता. भीती आणि दमणूक बाहेरून अगदी सारखी दिसते हे मला त्या दिवशी समजलं. तेव्हापासून बचावात उभ्या राहिलेल्या दमलेल्या माणसांच्या गोष्टी मी शोधत असतो. त्यातली मला सापडलेली सगळ्यात मोठी गोष्ट वॅगस्टाफची आहे.

हॅरॉल्ड वॅगस्टाफचा जन्म १९ मे १८९१ चा, होमफर्थ गावचा. इंग्लंडच्या उत्तरेकडचा हा डोंगराळ भाग लोकरीच्या कापडाच्या गिरण्यांचा आणि दगडाच्या खाणींचा. जवळचं मोठं शहर हडर्सफील्ड. याच हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात, हॅरॉल्ड चार वर्षांचा असताना, २९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तरेतल्या रग्बी क्लबांची बैठक झाली आणि त्यांनी मूळ रग्बी संघटनेला रामराम ठोकला. भांडण पैशाचं होतं, पण हावरटपणाचं नव्हतं. शनिवारी गिरणीत किंवा खाणीत कामाचा खाडा करून खेळायला जाणाऱ्या मजुराची मजुरी बुडायची. ती क्लबानं भरून द्यावी एवढीच मागणी होती. वरच्या लोकांना तेवढंही मान्य नव्हतं. खेळ हा सभ्य गृहस्थांनी हौसेनं खेळायचा असं त्यांचं म्हणणं. ज्यांना शनिवारची मजुरी बुडाली तरी फरक पडत नाही, त्यांना असं म्हणायला काय जातंय! तर या भांडणातून नॉर्दर्न युनियन निघाली आणि पुढे तिच्या खेळाला रग्बी लीग हे नाव पडलं. म्हणजे हा खेळ जन्मापासूनच कष्टकऱ्यांचा.

त्या काळचा व्यावसायिक खेळाडू म्हणजे आजच्यासारखा दिवसभर जिममध्ये असलेला माणूस डोळ्यांसमोर आणू नका. आठवडाभर तो आपलं काम करायचा, संध्याकाळी सवड काढून सराव, शनिवारी सामना, आणि सामन्याचे थोडे पैसे. त्याचा स्टॅमिना बहुतेक करून त्याच्या कामातून यायचा. हा मुद्दा मी पुढे परत काढणार आहे, म्हणून इथे लक्षात ठेवा.

हॅरॉल्ड गावातल्या अंडरबँक रेंजर्सकडून खेळायचा. हडर्सफील्ड क्लबनं त्याला पाच सोन्याच्या मोहरा देऊन करारबद्ध केलं आणि नोव्हेंबर १९०६ मध्ये तो पहिल्या संघातून मैदानात उतरला. वय पंधरा वर्षं आणि काही महिने. आपल्याकडे या वयात दहावीचा क्लास चालू असतो. सतराव्या वर्षी तो यॉर्कशायर परगण्याकडून खेळला आणि जानेवारी १९०९ मध्ये, सतराव्याच वर्षी, इंग्लंडकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध. विशीच्या आत तो हडर्सफील्डचा कप्तान झाला. संघात त्याच्यापेक्षा वयानं मोठे, कोळसा उचलून आणि पोलाद वाकवून राठ झालेले लोक होते. त्यांनी या पोराचं ऐकलं. का ऐकलं असेल याचं सरळ उत्तर असं, की तो त्यांच्यापेक्षा आधी पाहायचा. सेंटर या जागेवर तो खेळायचा आणि त्या जागेचं काम म्हणजे दोन पावलांनंतर फट कुठे पडणार आहे ते आत्ता ओळखणं. त्याला लोक सेंटर्सचा राजपुत्र म्हणत.

हडर्सफील्डचा तो संघ सगळ्या गुणांचा संघ म्हणून गाजला. विंगवर ऑस्ट्रेलियाहून आलेला आल्बर्ट रोझेनफेल्ड. त्यानं १९१३-१४ च्या एका मोसमात ८० ट्राय केल्या, आणि तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. वेल्सचा बेन ग्रोनो. कंबरलंडचा डग्लस क्लार्क. या क्लार्कला विसरू नका. तो कोळशाच्या धंद्यातला, पोत्यांची ओझी उचलत वाढलेला, आणि वर पैलवान. कंबरलंडमध्ये कुस्तीची जुनी परंपरा आहे, एकमेकांच्या पाठीमागे हात गुंफून मग डाव सुरू करायचा असा तिथला प्रकार. क्लार्क त्यात नावाजलेला होता आणि पुढे त्यानं कुस्तीतच नाव काढलं. बेळगाव-कोल्हापूरकडच्या तालमीत वाढलेल्या कुणालाही हा माणूस लगेच कळेल.

गंमत अशी, की हा सगळा संघ आणि त्याचा कप्तान आक्रमणासाठी प्रसिद्ध होते. वॅगस्टाफचं सगळं शिक्षण पुढे जाण्याचं, पास देण्याचं. आणि इतिहासानं त्याला लक्षात ठेवलं ते बचावाच्या एका दुपारसाठी.

ती दुपार समजायची तर या खेळातला बचाव आधी समजून घ्यायला हवा. मैदान साधारण शंभर मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. सामना ८० मिनिटांचा. चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला अडवायचं, म्हणजे टॅकल करून खाली पाडायचं. पडलेला माणूस उठतो, चेंडू पायानं मागे ढकलतो, मागचा उचलतो आणि पुन्हा हल्ला. टॅकल करणाऱ्यांनी तोवर उठून, मागे जाऊन, ओळीत उभं राहायचं असतं. कबड्डीत पकड झाली की श्वास घ्यायला मिळतो. इथे पकड झाली की पुढची पकड सुरू. आज एका संघाला सहा टॅकलनंतर चेंडू सोडावा लागतो. हा नियम १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा. वॅगस्टाफच्या काळात असली काही मर्यादाच नव्हती. समोरच्यानं चूक केली नाही तर तो चेंडू धरून तुम्हाला कितीही वेळ टॅकल करायला लावू शकायचा.

आता दमलेल्या माणसाचं काय होतं पाहा. चांगल्या टॅकलमध्ये पाय समोरच्याच्या अगदी जवळ न्यावे लागतात, कंबर खाली घ्यावी लागते, खांदा लावावा लागतो, हात फक्त आवळायला. दमलं की पहिल्यांदा पाय जवळ जायचे थांबतात. मग माणूस लांबूनच हात टाकतो. हात टाकलेला टॅकल जोरात पळणारा गडी झटकून देतो. पाहणाऱ्याला वाटतं यानं अंग चोरलं. दुसरं म्हणजे उठून ओळीत परत यायला एखादा सेकंद जास्त लागतो. एकट्यादुकट्याचं चालून जातं, पण तिघांना तो सेकंद जास्त लागला की ओळ दातेरी होते आणि दात्यांमधून माणूस जातो. तिसरं सगळ्यात वाईट. दमलेला माणूस फक्त चेंडूकडे बघायला लागतो. शेजारी कोण आहे, पलीकडे किती जण मोकळे आहेत, हे बघायला मान वळवायचेही कष्ट होतात. म्हणून बचाव फुटतो तो बहुधा ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्याजवळ नव्हे, त्याच्या शेजारी फुटतो.

आजच्या व्यावसायिक रग्बी लीगमध्ये हे सगळं मोजून मापून चालतं. खेळाडूच्या पाठीवर जीपीएसचं यंत्र असतं. मधल्या फळीतला एखादा फॉरवर्ड एका सामन्यात चाळीसेक टॅकल सहज करतो, शिवाय दर वेळी दहा मीटर मागे पळतो. म्हणून राखीव खेळाडू असतात, जड फॉरवर्डना मध्ये बसवून परत आणता येतं. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल स्पर्धेत २०१६ पासून ही अदलाबदल दहावरून आठवर आणली. हेतू उघड होता. मोठी माणसं जरा दमली पाहिजेत, म्हणजे चपळ लहान खेळाडूंना शेवटी फटी सापडतील. नियम करणारे थकव्याचं माप ठरवतात, एवढा हा थकवा खेळाच्या मुळाशी आहे. १९१४ मध्ये राखीव खेळाडूच नव्हते. तेरा उतरले की तेरा. एखादा जायबंदी झाला की बारा.

१९१४ च्या उन्हाळ्यात नॉर्दर्न युनियननं संघ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला पाठवला. बोटीनं कित्येक आठवड्यांचा प्रवास. कप्तान वॅगस्टाफ, निघताना वय बावीस. व्यवस्थापक दोघं, हाऊटन आणि क्लिफर्ड. पहिली कसोटी सिडनीत शनिवारी २७ जूनला झाली आणि पाहुण्यांनी ती २३-५ अशी सहज जिंकली. दुसरी लगेच सोमवारी, २९ जूनला. मधे फक्त एक रविवार. (त्याच रविवारी सारायेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळ्या घातल्या गेल्या. सिडनीतल्या या पोरांना त्या बातमीचं काय वाटलं असणार! आणि त्याच बातमीनं पुढे त्यातल्या कित्येकांचं आयुष्य फिरवलं.) दुसरी कसोटी ऑस्ट्रेलियानं १२-७ अशी घेतली. तीन दिवसांत दोन कसोट्या खेळवल्यावर आणखी काय होणार?

तिसरी कसोटी खरं तर नंतर मेलबर्नला व्हायची ठरली होती. ऑस्ट्रेलियाच्या संघटकांनी ती पुढे ओढली आणि सिडनीतच ४ जुलैला ठेवली. बरोबरी झालेली मालिका, तापलेलं शहर, तिकिटांचा पैसा. म्हणजे आठ दिवसांत तीन कसोट्या. पाहुण्यांचे कितीतरी खेळाडू दुखापतीनं पडून होते. व्यवस्थापकांनी हरकत घेतली. पण इंग्लंडमधून वरिष्ठांची तार आली की खेळा. देशाची आणि कर्तव्याची आठवणही तिच्यात होती. दहा-बारा हजार मैलांवर टेबलाशी बसून कर्तव्याची आठवण करून देणं सोपं असतं. त्यांना तेरा धड माणसं मोजावी लागत नव्हती. वॅगस्टाफला लागत होती.

क्लिफर्डनं सामन्याआधी उतरणाऱ्या खेळाडूंना बाजूला घेतलं आणि त्यांच्याशी बोलला. त्या बोलण्याचा परिणाम आपल्यावर किती झाला हे वॅगस्टाफनं पुढे सांगितलं आहे. भाषणांवर माझा फारसा विश्वास नाही. आमच्याही सामन्याआधी भाषण झालं होतं. पण एक गोष्ट मान्य करतो. भाषणानं फुप्फुसं मोठी होत नाहीत, पण आहे तो दम कुठे खर्च करायचा याबद्दल तेरा जणांचं एकमत होऊ शकतं.

सिडनी क्रिकेट ग्राउंडवर चौतीस हजारांच्या आसपास लोक होते. सामना सुरू होऊन फारसा वेळ झाला नव्हता आणि विंगवरच्या फ्रँक विल्यम्सचा पाय मुरगळला. तो लंगडत राहिला. मग क्लार्कचा अंगठा मोडला. पट्टी बांधून तो परत आला. अशाही अवस्थेत पाहुण्यांनी आघाडी घेतली. विली डेव्हिसची एक ट्राय आणि ओल्डहॅमचा फुलबॅक आल्फ वुड याच्या किका. वुडनं त्या दिवशी चार गोल मारले. एका गोलाचे दोन गुण, म्हणजे आठ गुण त्याच्या एकट्याच्या पायातून आले.

उत्तरार्धात सगळंच कोसळायला लागलं. क्लार्क एका धडकेत पडला आणि त्याचा खांदा निकामी झाला. तो गडी परत यायला निघाला, पण जमेना. शेवटी बाहेर गेला तेव्हा रडत होता असं सगळे वृत्तांत सांगतात. विल्यम्सचा पाय पुरता गेला. बिली हॉलला डोक्याला मार लागून त्याची शुद्ध हरपली, त्यालाही बाहेर न्यावं लागलं. मैदानात ऑस्ट्रेलियाचे तेरा आणि पाहुण्यांचे दहा. घड्याळात अजून अर्ध्या तासाच्या आसपास वेळ शिल्लक.

मी कागदावर आकडेमोड केली. फुलबॅक मागे राहतो असं धरलं, तर बारा जणांच्या ओळीत प्रत्येकाच्या वाट्याला पाचपावणेसहा मीटर रुंदी येते. नऊ जणांच्या ओळीत साडेसात. हे मीटर-दोन मीटर ऐकायला काही वाटत नाहीत. पण हे प्रत्येक टॅकलला आहेत, आणि टॅकलची मोजदाद नाही. शिवाय समोरचे तीन जण कायम मोकळे. बाजूला सरकत राहायचं, पुढे जायचं, पाडायचं, उठायचं, परत सरकायचं.

इथे वॅगस्टाफला जे ठरवावं लागलं ते मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं. विंगवरचे लोक गेले होते, कडा उघड्या पडल्या होत्या. कडा झाकायच्या तर फॉरवर्ड बाहेर काढायला हवा. पण फॉरवर्ड काढला की स्क्रम दुबळा होतो. स्क्रम म्हणजे दोन्हीकडच्या फॉरवर्डनी डोकी भिडवून चेंडूसाठी रेटारेटी करायची. तिथे माणूस कमी पडला की चेंडू समोरच्याला मिळतो. चेंडू समोरच्याला मिळाला की अजून टॅकल, अजून दमणूक. म्हणजे बचाव रुंद करावा तर तो जास्त वेळ करावा लागतो, आणि वेळ वाचवावा तर कडा फुटतात. यातून चांगली वाट नव्हतीच. त्यानं चिक जॉन्सन नावाचा फॉरवर्ड विंगवर उभा केला आणि स्वतः मधे राहून पडतील तेवढे टॅकल अंगावर घेतले.

आणि मग, दहा जण असताना, त्यांनीच ट्राय केली. वॅगस्टाफ चेंडू घेऊन बचावातून निसटला, समोरच्यांना आपल्याकडे ओढून घेतलं आणि चेंडू जॉन्सनला दिला. विंगवर उसना उभा केलेला हा फॉरवर्ड धावत सुटला. हातात चेंडू ठेवून पळण्यात आपण विंगवाल्याइतके जलद नाही हे त्याला माहीत असणार. त्यानं चेंडू जमिनीवर टाकला आणि फुटबॉलसारखा पायानं ढकलत नेला, अर्ध्या मैदानापर्यंत, आणि ट्राय केली. वुडनं गोल मारला. १४-०.

ही ट्राय नुसती गुणांसाठी मोलाची नव्हती. दमलेल्या संघाला बचावात विश्रांती मिळते ती दोनच प्रकारे. एक, चेंडू आपल्याकडे असताना. दोन, खेळ थांबल्यावर. ट्राय झाली की दोन्ही मिळतात. चेंडू मधे आणून पुन्हा सुरुवात होईपर्यंत दहा माणसं गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहू शकतात. माझं मत असं, की त्या दिवसाचा उत्तम बचाव म्हणजे तो पास होता. मतभेद असू शकतो. इतिहासकारांना बहुधा टॅकल जास्त आवडतात.

शेवटच्या मिनिटांत ऑस्ट्रेलियानं दोन ट्राय केल्या, एक कप्तान सिड डीननं, दुसरी वॉली मेसेंजरनं. दोन्हींवर गोल झाले नाहीत. १४-६. शिटी वाजली. मालिका इंग्लंडची. सिडनीच्या प्रेक्षकांनी, आपला संघ हरूनही, या दहा जणांचं कौतुक केलं.

या सामन्याला पुढे रॉर्क्स ड्रिफ्ट कसोटी असं नाव पडलं. १८७९ साली दक्षिण आफ्रिकेत रॉर्क्स ड्रिफ्ट नावाच्या ठाण्यावर दीडशेच्या आसपास ब्रिटिश सैनिकांनी हजारो झुलू योद्ध्यांना थोपवलं होतं, त्यावरून. मला हे नाव आवडत नाही. झुलू आपल्याच देशासाठी लढत होते, आणि चढाई करून आलेल्यांच्या शौर्याचं नाव खेळाला कशाला? आपल्याकडच्या वर्तमानपत्रानं याला बेलाशक पावनखिंड म्हटलं असतं. तेही मला पटलं नसतं. ही माणसं मरायला उभी नव्हती. ती कामाला उभी होती. सोमवारी गिरणीत उभं राहतात तशी, पाय दुखतात म्हणून पट्टा थांबत नाही हे लहानपणापासून माहीत असलेली. मघाशी म्हटलं होतं तो मुद्दा हा. व्यायामशाळा त्यांच्याकडे नव्हती. कोळशाची पोती होती, दगडखाण होती, उभ्यानं करायची बारा-बारा तासांची पाळी होती. हा काही त्या पाळीचा गौरव नाही. तिनं माणसं लवकर म्हातारी केली. पण त्या दुपारी सिडनीत जो दम कामाला आला तो तिथूनच आला होता असं मला वाटतं. धैर्यही होतंच. फक्त, धैर्याला उभं राहायला पाय लागतात.

पुढचं थोडक्यात. ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालं. खेळ लगेच थांबला नाही आणि १९१४-१५ च्या मोसमात वॅगस्टाफच्या हडर्सफील्डनं चारही चषक जिंकले. चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात सेंट हेलेन्सवर ३७-३, लीगच्या अंतिम सामन्यात लीड्सवर ३५-२. या दोन निकालांत सगळे जण ३७ आणि ३५ वाचतात. मी ३ आणि २ वाचतो. दोन अंतिम सामन्यांत मिळून समोरच्यांना पाच गुण!

मग सैन्य. वॅगस्टाफ, क्लार्क, ग्रोनो, रोझेनफेल्ड असे बरेच जण सैन्याच्या मोटार वाहतूक दलात गेले आणि लंडनजवळच्या ग्रोव्ह पार्कच्या तळावरून रग्बी युनियन खेळले, तेही जवळजवळ अजिंक्य राहून. ज्या खेळानं पैशासाठी त्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्याच खेळात, युद्ध असल्यामुळे, ते चालले. पुढे वॅगस्टाफ इजिप्तला गेला. १९१४ च्या दौऱ्यावर गेलेल्यांपैकी फ्रेड लाँगस्टाफ, बिली जार्मन आणि वॉल्टर रोमन हे तिघं १९१६ साली युद्धात कामी आले. लाँगस्टाफ हडर्सफील्डचाच, वॅगस्टाफचा सोबती. क्लार्क विषारी वायूत सापडला. त्याला मिलिटरी मेडल मिळालं आणि शरीर कामातून गेलं म्हणून सैन्यातून सोडण्यात आलं. तोच क्लार्क १९२० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर पुन्हा खेळायला हजर होता. हे कसं शक्य झालं ते मला कुठल्याच शरीरशास्त्रानं सांगता आलेलं नाही, आणि माझा वरचा सगळा हिशेब इथे जरा डळमळतो हे कबूल करतो.

१९२० च्या दौऱ्याचा कप्तानही वॅगस्टाफच. आता तो एकोणतीस वर्षांचा होता. ऑस्ट्रेलियानं ती मालिका जिंकली. मग १९२१-२२ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला आला. पहिली कसोटी इंग्लंडनं एका गुणानं घेतली, दुसरी हरली, तिसरी सॅलफर्डला जानेवारी १९२२ मध्ये. पुन्हा बरोबरी, पुन्हा शेवटचा सामना, पुन्हा तोच कप्तान. निकाल ६-०. ऑस्ट्रेलियाला ऐंशी मिनिटांत एकही गुण मिळाला नाही. ॲशेस परत आली आणि १९५० पर्यंत ऑस्ट्रेलियाला ती मिळाली नाही. वॅगस्टाफची ती अखेरची कसोटी. तिच्यावर कुणी फारसं लिहिलेलं नाही, कारण त्या सामन्याला झुलूंचं नाव मिळालं नाही. मला मात्र हे शून्य १४-६ पेक्षा कमी वाटत नाही. १९१४ मध्ये दहा जणांनी अर्धा तास धरलं, १९२२ मध्ये सबंध सामना धरला.

हडर्सफील्डसाठी सव्वाचारशेहून अधिक सामने खेळून तो १९२५ साली थांबला. नंतर प्रशिक्षक म्हणून काम केलं. १९३९ च्या जुलैमध्ये तो गेला. वय अवघं अठ्ठेचाळीस. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला तेव्हा दीड महिना बाकी होता. ब्रिटिश रग्बी लीगनं १९८८ साली आपलं सन्मानदालन उघडलं तेव्हा पहिल्या नऊ नावांत त्याचं नाव होतं, आणि त्याच नऊत रोझेनफेल्डचंही.

सध्या आमच्या सरावात मी एक बदल मागून घेतला आहे. पकडीचा सराव पहिल्यांदा न करता शेवटी करायचा, पळून पळून पाय जड झाल्यावर. सरांनी होकार दिला आहे. पहिल्या दिवशी सात पकडी चुकल्या, सातही वेळा मी लांबूनच हात टाकला होता.